घड्याळाच्या डावीकडे

"इंदुबाई, घड्याळाच्या डावीकडे काय दिसतंय?"

"बजरंगबलीचा फोटो."

"अहो, भिंतीवरचं नव्हे! पडद्यावरचं. अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात."

"अगं बाई! इथंच होतं की हे."

"त्याच्या डावीकडे दोन चिमुकले संगणक? फुली आहे? तिच्यावर दाबा."

संभाजी डोळे मिटून बोलत होता. सदाशिव पेठेतल्या पतसंस्थेच्या कचेरीतून तो सगळ्या शाखांचे संगणक फोनवर ताळ्यावर आणी. टेबलाची काच हाच त्याचा पडदा. बोलता बोलता बोट तिच्यावरून फिरे. "तिकडे बघा" असं तो चुकूनही म्हणत नसे. आधी एक खूण पक्की करायची, मग तिच्या वर, खाली, शेजारी. नजरेला बोट धरून न्यायचं.

मग योगेश हा नवा पोरगा कचेरीत आला. "मॅडम, माउसवरचा हात काढा," एवढंच म्हणे, आणि इथे बसून तिथला बाण पळवी. दोन मिनिटांत काम फत्ते.

"काका, अजून डावं-उजवंच? स्कूटर शिकवताय का?"

"मी शिकवतो. तू मागे बसवून फिरवतोस."

उत्तर झणझणीत होतं, पण फोन योगेशचाच वाजे. एकदा इंदुबाईही म्हणाल्या, "योगेशसर आहेत का?" त्या दिवशी संभाजीला डबा गोड लागला नाही. सोमवारपासून हे टेबलही योगेशचंच होणार होतं. संभाजीची बदली स्टेशनरीच्या खोलीत.

शनिवारी इंदुबाईंच्या स्वारगेट शाखेची जोडणी तुटली. योगेशचा बाण तिथे पोचेना. 'आता पळव!' संभाजी मनात म्हणाला, आणि कुणी सांगितलं नसताना त्याने स्वारगेटला फोन लावला.

"एक मिनिट, धरा हं," म्हणत इंदुबाईंनी रिसीव्हर टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज ऐकू येत होता. "दीपमाला, नुसती काय बघतेस? आधी घड्याळ शोध. भिंतीवरचं नव्हे गं! खाली, उजव्या कोपऱ्यात. सापडलं? आता त्याच्या डावीकडे... हं. दाब."

मग रिसीव्हर उचलला गेला. "हॅलो, कोण बोलतंय?"

संभाजीने हळूच फोन ठेवला.

सोमवारी तो आपला डबा आणि छत्री न्यायला आला, तेव्हा योगेश टेबलाची काच पुसत होता.

"काका, हा एक डाग काही जात नाही."

"कुठला?" संभाजीने दारातूनच विचारलं.

"हा काय, इथे."

"इथे म्हणजे कुठे?"

योगेशने वैतागून फडकं खाली ठेवलं. "खाली. उजव्या कोपऱ्यात."

"हं," म्हणून संभाजीने छत्री उचलली.