साहेब: वापर व काळजी

बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी हजर होतो, आणि मला तिथे साहेबांनीच नेलं.

असं काही घडलेलं नाही. वरचं वाक्य वाचलं असेल तर न वाचल्यासारखं करा. ऑफिसात आम्ही सगळे तेच करतो. त्या दिवशी आमची बैठक होती. तिचं रेकॉर्डिंग आहे, आणि रेकॉर्डिंग आहे म्हणजे ती झाली.

आमचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. मेकॅनिक इमारतींमधून फिरतात, मी ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. लिफ्टबद्दलची खरी माहिती पुस्तकात नसते, मेकॅनिकच्या तोंडात असते, आणि तो रजेवर गेला की तीही रजेवर जाते. म्हणून साहेबांनी मला सांगितलं, की रोजच्या मिटिंगमध्ये जे बोललं जातं ते आपोआप लिहून निघालं पाहिजे आणि आपोआप टीमच्या माहितीकोशात जाऊन बसलं पाहिजे. मधे माणसाचा हात नको. "हात आला की लबाडी आली," साहेब म्हणाले.

मी तसं केलं. टेबलावरचा माइक पहिला आवाज ऐकून सुरू होतो. रेकॉर्डिंग लिहून निघतं, कुठला आवाज कुणाचा ते ओळखलं जातं, आणि एकच गोष्ट तीन वेगळ्या माणसांनी सांगितली की ती 'खात्रीची माहिती' म्हणून कोशात चढते. चढलेली ओळ हाताने कुणालाच खोडता येत नाही, मलाही नाही. हेड ऑफिसला हे इतकं आवडलं, की आमचे निर्णय कोशाशी जुळतात का ते त्यांनी दर आठवड्याला तपासायला घेतलं. जुळले नाहीत की साहेबांच्या नावापुढे लाल ठिपका.

अडचण एवढीच, की मिटिंगमध्ये माणसं बोलत नाहीत. मिटिंगमध्ये ती माना हलवतात. बोलतात ती मिटिंग संपल्यावर, साहेब केबिनमध्ये गेले की, खुर्च्या सरकवता सरकवता. माझ्या माइकला हा फरक कळत नव्हता. खोली शांत होईपर्यंत तो ऐकत राहायचा.

त्यामुळे कोशात लिफ्टचं बरंच काही जमा झालं. उदाहरणार्थ, जुन्या हॉटेलच्या लिफ्टचं दार अडलं तर खालच्या डाव्या कोपऱ्यात लाथ मारावी. उजव्या कोपऱ्यात मारल्यास पाय दुखतो. आणि एका सकाळी एक नवंच पान उगवलं. शीर्षक होतं, 'साहेब: वापर व काळजी'.

पान उत्तम होतं. "साहेबांना सकाळी प्रश्न विचारू नये. जेवणानंतर विचारल्यास उत्तर मिळते, पण ते सकाळचेच असते. चष्मा कपाळावर असल्यास दारातून परत फिरावे. हसल्यास कारण विचारू नये. घरच्या कारणासाठी साहेब रजा देत नाहीत." प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण. खात्रीची माहिती.

आमच्यातले सगळ्यात जुने मेकॅनिक, ज्यांना सगळे ग्रीसमामा म्हणतात, ते वाचून गंभीर झाले. "इतकं नीट तर लिफ्टचंही कुणी लिहिलं नव्हतं," ते म्हणाले.

"मला एक प्रिंट काढून दे," फोनवर तक्रारी घेणारी ताई म्हणाली. "नवीन माणूस आला की हातात देता येईल."

साहेबांनीही वाचलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं, आणि आत गेले. आम्हाला वाटलं, आता आपली काही धडगत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून साहेब पानाप्रमाणे वागायला लागले. सकाळी कुणी काही विचारलं तर म्हणायचे, "आत्ता नाही रे, पान बघ." एकदा ग्रीसमामा केबिनमध्ये शिरले आणि साहेब नुसतेच कपाळाला आठ्या घालून बसलेले. मामा उभेच. मग साहेबांच्या लक्षात आलं. "सॉरी," म्हणाले, आणि चष्मा वर चढवला. मामा समाधानाने परत फिरले.

मला हे गमतीचं वाटत होतं, बाबांच्या ऑपरेशनची तारीख ठरेपर्यंत.

"तू येऊ नकोस," बाबा फोनवर म्हणाले. "उगीच कशाला रजा घालवतोस. आई आहे की."

मागून आईचा आवाज आला, "घाबरलेत."

"कोण घाबरलंय?"

"गुडघा," आई म्हणाली.

मी केबिनमध्ये गेलो. चष्मा डोळ्यांवर होता.

"साहेब, रजा हवी होती. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे."

"अरे मग जायलाच हवं," साहेब पटकन म्हणाले. मग त्यांची नजर कॉम्प्युटरवर गेली आणि चेहरा दोन मजल्यांच्या मधे अडकल्यासारखा झाला. "पण घरच्या कारणाला मी देत नाही ना."

"असं तुम्ही कुठे म्हणालात? लोक म्हणालेत."

"तिघांनी म्हटलंय. म्हणजे असेन मी तसा."

"मागे ताईचा मुलगा आजारी पडला तेव्हा तुम्ही तिला न मागता रजा दिलीत. घरी सोडून आलात तिला."

"मग ते का नाही त्यात?"

आम्ही दोघांनी शोधलं. नव्हतं. ताई त्या दिवशी थेट घरी गेली होती. मिळालेली रजा घेऊन माणूस घरी जातो. न मिळालेली घेऊन तो खुर्च्यांपाशी उभा राहतो. माझा माइक खुर्च्यांपाशी होता. हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं, आणि आता आलं तर त्याचं काय करायचं ते कळेना.

"तिघांनी उलटं सांगितलं तर ओळ बदलेल," मी म्हणालो.

मग मी ताईला, ग्रीसमामांना आणि त्यांच्या जोडीदार मेकॅनिकला माइकसमोर बसवलं.

"साहेब घरच्या कारणाला रजा देतात," मामा शाळेतल्या कवितेसारखं म्हणाले, आणि त्यांच्यातला प्रामाणिक माणूस जागा झाला. "असं म्हणायला सांगितलंय."

"मलाही," ताई म्हणाली.

"मलाही," जोडीदार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पानावर भर पडली: "साहेब रजा देतात असे म्हणायला सांगितले जाते." हिरवी खूण. संध्याकाळी आठवड्याची तपासणी झाली, आणि कोशाला पढवल्याबद्दल साहेबांच्या नावापुढे हेड ऑफिसचा लाल ठिपका. साहेबांना सांगण्यात आलं, की आणखी एक ठिपका म्हणजे केबिन रिकामी करणे.

मी रजेचा विषय सोडून दिला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी साहेब माझ्या टेबलापाशी आले.

"उद्या बैठक. तू आणि मी. विषय, हॉस्पिटलची लिफ्ट. स्थळ, हॉस्पिटल."

"कुठलं?"

"तुझे बाबा आहेत ते."

"साहेब, ती लिफ्ट आपल्याकडे नाही."

"नाही ना? मग त्यावर बैठक नको का घ्यायला?"

बाहेरच्या बैठकीचंही रेकॉर्डिंग लागतंच. त्यामुळे ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकड्यावर साहेब, मी आणि मधे सुरू असलेला फोन, असे आम्ही बसलो. बोललेला प्रत्येक शब्द कोशात जाणार म्हणून काहीच बोललो नाही. आई आली, तिने तोंड उघडलं, साहेबांनी फोनकडे बोट दाखवलं. हा हॉस्पिटलचाच काहीतरी कडक नियम असावा असं समजून तीही गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदाच ती एखाद्या अनोळखी माणसाला, लग्न झालंय का, मुलं किती, हे न विचारता बसली होती.

स्ट्रेचरवरून बाबांना आणलं. त्यांनी मला पाहिलं. मान वळवून पुन्हा एकदा पाहिलं. मग साहेबांकडे बघून म्हणाले, "हे कोण?"

साहेब उभे राहिले. "लिफ्टवाला," ते म्हणाले.

"फार वर नेऊ नका म्हणजे झालं," बाबा म्हणाले. साहेब हसले. कारण कुणी विचारलं नाही.

दार बंद झालं. त्यानंतर बराच वेळ साहेबांचा हात माझ्या खांद्यावर होता. मधेच त्यांनी आईला पाणी आणून दिलं, स्वतःची घडी केलेली शाल बाकड्याच्या पाठीला लावून दिली, आणि पुन्हा येऊन बसले. हात तिथेच. या सगळ्याला आवाज नाही.

गुडघा नीट झाला. बैठकीचा मजकूर दुसऱ्या दिवशी आपोआप कोशात आला: "दीर्घ शांतता. अनोळखी आवाज वगळला. साहेबांनी स्वतःची ओळख लिफ्टवाला अशी करून दिली. एकदा हसणे. पुन्हा दीर्घ शांतता. निर्णय: नाही." साहेबांनी तो वाचला, हेड ऑफिसला काही आक्षेप नाही याची खात्री केली, आणि मग स्वतःचं पान उघडलं. शेवटच्या ओळीपाशी ते जरा थांबले. मी दारात होतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आणि मी परत फिरलो.

मिटिंग संपल्यावर खुर्च्या सरकवताना सगळं सांगून टाकावं असं रोज तोंडाशी येतं. सांगितलं तर ती रजा होती हे उघड होईल आणि दुसरा ठिपका पडेल. म्हणून मी गप्प आहे. आई-बाबांनाही गप्प राहायला सांगितलंय. आणि पुढील अर्ज लेखी करत आहे.

प्रति,
माहितीकोश (स्वयंचलित)

विषय: 'साहेब: वापर व काळजी' या पानावरील नोंदीत दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते, की सदर पानावरील रजेबाबतच्या दोन्ही ओळी वगळून त्या जागी 'साहेब सोबत येतात' अशी नोंद घेण्यात यावी. पुरावा म्हणून हॉस्पिटलमधील बैठकीच्या रेकॉर्डिंगचा शांततेचा भाग जोडला आहे. सदर शांतता तीन वेगवेगळ्या माणसांची असून, प्रत्येकाची स्वतंत्रपणे ओळखून ती खात्रीची माहिती म्हणून ग्राह्य धरण्यात यावी.