वाफ लागली

लॉन्ड्रीत इस्त्रीच्या प्रेससमोर उभा असलेला काकूंचा धाकटा मुलगा जागच्या जागी कोसळला, तेव्हा त्यांनी काउंटरवरून मानसुद्धा पुरती वळवली नाही.

"वाफ लागली. तोंडावर पाणी मारा. आणि त्या कोटाची बाही जळतेय, आधी ती काढा."

ही लॉन्ड्री काकूंच्या माहेरची. त्यांचे वडील बॉयलरशेजारी गेले, ते वाफ लागून. भाऊ ऐन पस्तिशीत गेला, तोही वाफ लागून. तरी घराण्याची श्रद्धा वाफेवरच. डाग असो की ताप, वाफेनंच जातो, असं तिथे लहानपणापासून शिकवत.

"मालक, शर्टाआधी स्वतःलाच चपटं करून घेताय होय?" घड्या घालणारा म्हणाला. धाकटा ओशाळून हसला आणि उठू लागला.

"उठू नका, भाऊजी," मागच्या टेबलावरून थोरली सून म्हणाली. "दवाखान्यात जायचंय."

"तू गप्प बैस," काकू म्हणाल्या. "माझा एक मुलगा तुझ्या उशाशी गेला. आता दुसऱ्याला हात लावू नकोस."

दोन गिऱ्हाइकं समोर उभी होती. ती पावत्या वाचू लागली.

थोरलीचा नवरा वर्षापूर्वी साध्या तापात, झोपेतच गेला होता. वय एकेचाळीस. काकूंनी त्याच दिवशी निकाल दिला: हिचाच पायगुण. तेव्हापासून थोरलीला काउंटरवर उभं राहायला बंदी होती. मागे, डाग काढायच्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून ती काम करी.

त्या दिवशी मात्र तिने हातमोजे काढले, दिराच्या दंडाला धरलं आणि त्याला घेऊन गेली. काकू मागोमाग आल्या, त्या भांडायलाच.

धाकट्याच्या हृदयाचा आलेख पाहून डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात अचानक कुणी गेलंय?"

"एक मुलगा. पण त्याला ही कारण," काकूंनी सुनेकडे बोट दाखवलं. "आमच्या रक्तात खोट नाही. साठी उलटली, एकदाही भोवळ आली नाही मला. घ्या माझा आलेख, म्हणजे हिचं तोंड कायमचं बंद होईल."

त्यांनी आपणहून बाही वर सारली.

डॉक्टरबाईंना त्या आलेखातही काहीतरी खटकलं. त्यांनी तिघांचं रक्त तपासायला पाठवलं: काकूंचं, धाकट्याचं आणि थोरलीच्या मुलीचं. काही आठवड्यांनी सगळ्यांना एकत्र बसवून त्या शांतपणे बोलल्या.

"हृदय विजेवर चालतं. त्या विजेचा एक दरवाजा तुमच्या घराण्यात जन्मापासून नीट उघडत नाही. आई किंवा बाप, एकाकडून हा दोष आला तरी पुरतो. तिघांतही सदोष जनुक सापडलंय. काकू, ते तुमच्याकडून आलंय."

"मग मी ठणठणीत कशी?"

"एकच जनुक सगळ्यांना सारखं छळत नाही. बायकांत ते बहुधा गप्प बसतं. पुरुषांना बरेचदा चाळिशीच्या आसपास गाठतं. वय वाढलं की हृदयाचे तंतू राठ होतात, मग तरुणपणी झाकलेलं उघडं पडतं. तुमच्या आलेखात ते आज दिसतंय. विशीत कदाचित दिसलंही नसतं."

काकू ऐकत होत्या. नात आईच्या मांडीवर पाय हलवत बसली होती.

"यांच्या छातीत ठोके बिघडले की सावरणारं यंत्र बसवावं लागेल," डॉक्टरबाई धाकट्याकडे पाहून म्हणाल्या. "मुलीवर लक्ष ठेवायचं. आणि ताप आला तर ताबडतोब उतरवायचा. या आजारात ताप जिवावर बेततो. पांघरुणं घालून घाम काढणं तर अजिबात नाही."

काकूंनी सुनेकडे पाहिलं. थोरलीच्या नवऱ्याला ताप चढला त्या रात्री प्रेसखालून काढलेली गरमागरम दोन ब्लँकेटं त्याच्या खोलीत कुणी नेली होती, ते दोघींनाच ठाऊक होतं. 'घाल त्याच्या अंगावर, घाम निघू दे,' असं काकूच म्हणाल्या होत्या. थोरलीने वर्षभरात हा विषय एकदाही काढला नव्हता. आताही ती मुलीचा बूट बांधत राहिली.

धाकट्याला मात्र संताप आवरला नाही. "म्हणजे दादाला तूच खाल्लंस, तुझ्या रक्तानं! आणि वर वहिनीला—"

"भाऊजी, पुरे," थोरली म्हणाली. "हे वाक्य वर्षभर मी गिळलंय. त्याची चव मला माहितेय. रक्त कुणी निवडून देत नाही." मग ती काकूंकडे वळली. "रक्ताचा दोष नाही तुमचा. जिभेचा आहे. तो मी माफ करणार नाही."

काकूंनी मान खाली घातली. पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डाग काढायचं टेबल स्वतःकडे घेतलं आणि सुनेला काउंटरवर पाठवलं. एक जुन्या गिऱ्हाईकबाई कुजबुजल्या, "काकू, हिला पुढे आणलीत? पायगुण…"

"पाय तिचा नव्हता," काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "रक्त माझं होतं."

वाचकहो, आपल्या घरांतही अशी वाफ कुणाकुणाला लागलेली असते. कुणी नजर म्हणतं, कुणी पायगुण. तरणाताठा माणूस अचानक गेला, तर सुनेचे पाय बघू नका. त्याच्या रक्ताच्या नात्यातल्या प्रत्येकाचं हृदय तपासून घ्या. आजार वारशाने येतो. क्रूरपणा आपण शिकवतो.

दुपारी काकूंनी धाकट्या बहिणीला फोन लावला. तिला दोन तरुण मुलगे होते, त्यांतल्या थोरल्याचं लग्न ठरलं होतं. सगळं ऐकून बहीण म्हणाली, "पोरांची हृदयं तपासू? सोयरीक मोडायची आहे का तुला? मेली समज मला," आणि फोन ठेवला.

काकूंनी ओल्या हातांनी पुन्हा नंबर फिरवला.