डबल बेल

माझं नाव कोकिळा ठेवणाऱ्याला एकदा माझा आवाज ऐकवायला हवा होता. एसटीत कंडक्टर म्हणून हयात गेली, तीही बरीचशी शिरपूर-धुळे गाडीवर. "पुढे सरका, पुढे सरका" करून गळा असा झालाय की मी कानात बोलले तरी गल्लीला ऐकू जातं. आणि देवाची करणी बघा, पदरात पोर आलं ते जन्मापासून ऐकू न येणारं.

दीपक माझ्या भावाचा मुलगा. भाऊ-भावजय गेले तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता. शाळेला सुट्टी लागली की माझ्याच गाडीत पुढच्या सीटवर बसायचा. घंटीची दोरी एकदा ओढली की गाडी थांबते आणि दोनदा ओढली की निघते, हे त्याला माझा हात बघून कळलं. मग घरातही तेच सुरू झालं. पोट भरलं की हवेतली दोरी एकदा ओढायची, बाजाराला निघायचं झालं की दोनदा. बाहेर मात्र बोलायचं काम माझं. बँक असो, दवाखाना असो, मी पुढे आणि तो माझ्या मागे.

आता तो छापखान्यात मशीन चालवतो. पलक त्याला जळगावच्या शाळेत भेटली होती. तिलाही ऐकू येत नाही. तिचे वडील जिनेशशेठ यांचं शिरपूरला कापडाचं दुकान आहे. आम्ही शेतकरी, ते जैन, म्हणून नोंदणी लग्न करायचं ठरलं. शेठ राजी नव्हते. "दोघांनाही ऐकू येत नाही, रात्री दार कोण उघडणार?" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. शेवटी पोरीच्या हट्टापुढे नमले, पण अट घालून. "एकदा येईन. त्या दिवशी सरकारनं लग्न लावलं तर लावलं. नाहीतर हा विषय माझ्या घरात पुन्हा निघणार नाही." पलकने मान डोलावली. शब्दाची पक्की पोर, मोडणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून तर मी सगळे कागद तीनतीनदा तपासले होते.

कोणत्या ऑफिसात गेलो ते सांगत नाही, उगाच कोणाला लागायला नको. नोटिशीची मुदत संपलेली, कागद पूर्ण, तीन साक्षीदार हजर. मी, जिनेशशेठ आणि छापखान्यातला नीलेश. शेठ बाकाच्या पार टोकाला, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. आत बोलावल्यावर अधिकारी मॅडमनी मान वर न करता मलाच विचारलं, "याचं पूर्ण नाव काय? हिची संमती आहे ना?"

"मॅडम, त्याले ईचारा ना," मी आपल्या अहिराणीत म्हटलं. "त्याले बठ्ठं समजस."

त्याला सगळं समजतं म्हटल्यावर त्यांनी वर बघितलं, दोघांचे हात चालताना दिसले आणि पेन खाली ठेवलं. दोघांनाही ऐकू येत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं. कायद्याप्रमाणे नवऱ्याने नवरीला आणि नवरीने नवऱ्याला, अधिकाऱ्यासमोर, एक वाक्य म्हणायचं असतं. ते म्हटल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही.

"म्हणायचं म्हणजे बोलायला लागेल," मॅडम म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कसाले? हातमा हात दीसन लगीन व्हस, तोंड वाजाडीसन नही!"

मॅडम काही दुष्ट नव्हत्या. अडचणीत सापडलेलं माणूस शोधतं तशी त्या वाट शोधत होत्या. म्हणाल्या, "असं करू. यांच्या वतीने आत्याबाई म्हणतील, हिच्या वतीने वडील म्हणतील. आपण आटोपून टाकू."

मला काय, जन्मभर तेच करत आले. मी उठले, पदर सावरला, घसा खाकरला. तेवढ्यात दीपकने हात वर केला आणि हवेतली दोरी एकदा ओढली.

थांब.

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो हसत नव्हता. त्याने आधी पलककडे बोट केलं, मग स्वतःकडे, मग दोन्ही हात छातीसमोर धरले. लग्न आमचं आहे, आम्ही बोलणार. मी मॅडमना ते तसंच सांगितलं आणि खाली बसले. बसताना डोळे भरून आले, रागाने की कशाने ते मलाच कळलं नाही.

मॅडम वैतागल्या. "अहो, मी काय मनाचं सांगते का?" असं म्हणत त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं आणि आम्हाला पटावं म्हणून ते कलम मोठ्याने वाचायला लागल्या. वाचता वाचता एके ठिकाणी अडखळल्या. मागे जाऊन पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश. "पक्षकारांना समजेल अशा कोणत्याही भाषेत."

मॅडमनी पुस्तक मिटलं. "हातांची भाषा यांना समजते," त्या म्हणाल्या, जणू स्वतःलाच. "पण काय म्हटलं ते मलाही कळायला हवं ना?" त्यांनी दोन-तीन फोन लावले. ही भाषा जाणणारे एक सर होते, पण ते बाहेरगावी. दोन दिवसांनी येतो म्हणाले.

दोन दिवस! जिनेशशेठ पिशवी घेऊन उभे राहिले.

"इथं कोणाला समजतं का यांचं बोलणं?" मॅडमनी विचारलं. दीपकचं मी सांगितलं असतं, पण पलकचं बोलणं म्हणजे सुटलेली एक्सप्रेस, माझ्या हाती अर्धंही लागत नाही. नीलेशने नकारार्थी मान हलवली. पलक मात्र वडिलांकडे बघत होती. हाताने काही मागत नव्हती, फक्त बघत होती.

शेठना काहीच करायची गरज नव्हती. गप्प राहिले असते तर त्यांच्या मनासारखं झालं असतं.

त्यांनी पिशवी खुर्चीवर ठेवली. "मला समजतं," ते म्हणाले. "ही लहान होती तेव्हा दुकान भावावर टाकून जळगावला हिच्या वर्गात बसायचो. पोरगी बोलायला लागली आणि बापाला कळलं नाही, असं नको व्हायला."

"वडिलांचा विरोध दिसतोय," मॅडम मला हळूच म्हणाल्या. "म्हणजे पदरचं काही घालणार नाहीत." त्यांनी खुर्ची वळवली आणि पहिल्यांदा थेट पलककडे बघून म्हणाल्या, "बोला."

पलक बोलली. तिच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या. शेठ कापडाचा भाव सांगावा तसं म्हणाले, "मी, पलक, दीपक यांचा पती म्हणून स्वीकार करते."

पलकने टेबलावर टकटक केलं. वडिलांचे ओठ तिने वाचले होते. तिने छातीवर हात ठेवून एक खूण पुन्हा केली.

"काय म्हणते?" मॅडमनी विचारलं.

शेठनी खिशातून रुमाल काढला. "म्हणते, पप्पा, गाळू नका." मग थांबले. पोरीकडे बघत, तिच्या हातांच्या वेगाने, एकेक शब्द करत म्हणाले, "मी, पलक, दीपक यांचा, माझ्या मनाने, आनंदाने, पती म्हणून स्वीकार करते." पोरीने त्यांचा हात धरला आणि क्षणभर सोडलाच नाही.

मग दीपक बोलला आणि मी सांगितलं. एक शब्द गाळला नाही, एक पदरचा घातला नाही. जन्मात पहिल्यांदा मी त्याच्या मागे उभी राहून बोलत होते.

सह्या झाल्या. "दुभाष्या बोलावणं आमचं काम होतं," मॅडम त्या दोघांना म्हणाल्या. "यापुढे आधी विचारून ठेवू." मी ते दीपकला सांगितलं, शेठनी पलकला.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर सगळेच अवघडले. पुढे काय करायचं ते कोणाला सुचेना. लहानपणी गाडी सुटायच्या आधी बघायचा तसा दीपक माझ्याकडे बघायला लागला. मला "चला" म्हणायचं होतं. एवढा मोठा माझा गळा, पण आवाज फुटेना.

"आत हा दोरी ओढल्यासारखं करत होता," शेठनी मला विचारलं, "ते काय होतं?"

मी नुसताच हात हलवला. दीपकने पलकला सांगितलं, पलकने वडिलांना. एकदा म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे निघा. शेठ तिचे हात शेवटपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली, उजवा हात डोक्याच्या वर नेला, आणि सगळ्या व्हरांड्यासमोर ती न दिसणारी दोरी दोनदा ओढली.