आठवा दगड

शेंदूर ओला होता. बोटाला लागला, आणि मग ते बोट कुठे पुसावं हेच रिद्धीला सुचेना. ओढणीला पुसलं तर डाग जायचा नाही, पानाला पुसावं तर जवळपास झाड नाही, आणि परत दगडालाच पुसावं तर ते शेंदूर लावल्यासारखं होईल... सात दगड पाण्याकडे तोंड करून ओळीने बसवलेले, वर्षानुवर्षांच्या शेंदराची जाड साल चढून आपला मूळ आकार विसरलेले. आणि त्यांच्या कडेला, जरासा मागे सरून, वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारखा हा. लहान, काळा, एका अंगाने घासून सपाट झालेला. पुढ्यात हिरव्या बांगड्या आणि वाळत चाललेला दहीभात. पण आठवा दगड इथे कधी नव्हताच. सातच होत्या पाण्यातल्या देवी, साती आसरा, येडगावचं धरण व्हायच्या आधीपासून नदीच्या डोहात राहणाऱ्या. आठवी मी केली — गेल्या दिवाळीत, नारायणगावात, आमच्या खता-बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत बसून, लॅपटॉपवर.

तिने बोट शेवटी मातीत पुसलं. धरणाचं पाणी वैशाखात खूप आत गेलं होतं, आणि काठाची माती भेगाळून वर आली होती. मंगळवारी मंगळवारी मोबाइलवर एक भाग येतो, तिच्या मालिकेचा, 'सातांची नगरी'. ती लिहिते, पुण्यातली एक मुलगी आवाज बदलून बदलून वाचते, आणि लोक कानात घालून ऐकतात, द्राक्षं उतरवताना, गोठ्यात, एसटीत. पाण्याखाली सात वेशींचं नगर, प्रत्येक वेशीवर एक राणी, राण्यांचं मगरींचं सैन्य. आणि एक बुडालेली मुलगी, हिरा, जिला त्या मारत नाहीत, आठवी करून ठेवून घेतात. लोकांना ते आवडलं. इतकं आवडलं, की हे असं झालं.

"हात लावलास व्हय गं? न्हाऊन आलीस का तरी?"

मागून लंकाबाई आल्या होत्या, हातात पितळी तांब्या. रिद्धीच्या मैत्रिणीची आई साळुबाई, त्यांच्या शेजारच्या. मंगळवारी सगळ्या बायका यांच्याच ओट्यावर जमून मालिका ऐकतात.

"मावशी, हा आठवा कधी बसवला?"

"बसवला म्हंजे? पयल्यापास्नं आठच हायेत. मी लगीन होऊन आले तवाबी आठच व्हते."

"पण साती आसरा म्हणतात ना?"

"म्हणायला सात." लंकाबाईंनी आठही दगडांवर पाणी घातलं, आठव्यावर जरा जास्तच. "आठवी मागनं आली. ती मोबाइलवर सांगत्यात न्हाई का, तीच." आणि एका वाक्यात दोन उलट गोष्टी सांगून त्या निवांत वर चढून गेल्या.

रिद्धीला हसू यायला हवं होतं. आलं नाही. सकाळी साळुबाईंचा फोन आला होता. 'गोष्ट संपायच्या आदी एकडाव येऊन जा, रिद्धे.' बस, एवढंच. शेवटचा भाग आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता आणि त्यातली एकही ओळ लिहून झाली नव्हती.

हिरा म्हणजे हर्षाली, साळुबाईंची मुलगी. हे रिद्धीने कोणाला सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरजही पडली नव्हती. चार वर्षांपूर्वी, श्रावणात, धरणाची दारं उघडली होती तेव्हा पाण्यातली मोटर वर ओढून घ्यायला म्हणून वडिलांबरोबर गेलेली हर्षाली पाय घसरून गेली आणि सापडली नाही. होड्या आल्या, गळ टाकले, खालच्या कालव्यापर्यंत माणसं गेली, आणि मिळाली फक्त एक चप्पल. रिद्धी तेव्हा पुण्यात होती, आणि तिथे जाड जाड इंग्रजी कादंबऱ्या वाचून स्वतःची एक लिहीत होती. तिच्यात बर्फ होता. किल्ले, पांढरे लांडगे, बर्फ! जन्मात बर्फ पाहिला नव्हता तिने, फ्रिजमधला सोडून. दोन वर्षं तो बर्फ वितळेना की हलेना. आणि मग एका रात्री, वैतागून, तिने लिहिलं की पाण्यातून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, आणि सगळं आपोआप चालू लागलं. कारण ते तिचं नव्हतंच. ते हर्षालीचं होतं. शाळा सुटल्यावर याच काठावर चिंचा खात तिने सांगितलेलं: भर दुपारी पाण्यावर जायचं नाही, आसरा न्हायला वर येतात, हाक मारतात, ओळखीच्या आवाजात, दुसरी हाक आली तर माणूस, न आली तर त्या. 'तुला नाय धरायच्या,' हर्षाली म्हणायची, 'तुझा देव येगळा हाय. तू बिनघोर जा.' आणि बारा वर्षांच्या रिद्धीला त्याचं इतकं वाईट वाटायचं... आपल्याला कोणी धरणारसुद्धा नाही याचं.

पर्समध्ये फोन वाजला. आरती, पुण्याची संपादक.

"रिद्धी, मला फक्त एवढं सांग, हिरा बाहेर येतेय ना? लोक वेडे झालेत. मोठं युद्ध दे, मगरी वगैरे, सातवी राणी मरू दे, आणि हिरा पाण्यातून वर. आईला मिठी. संपलं."

"आसरा कोणाला परत देत नाहीत, आरती. त्या गोष्टींमध्ये तसं नसतंच कधी."

"अगं, पण तू फँटसी लिहितेयस ना? मग?"

मग काय. फोन ठेवला तरी ते 'मग' तिच्या डोक्यात राहिलं. चढण चढताना तिला जाणवलं की आपल्याला स्वतःलाही तेच हवंय. हर्षाली वर यावी, ओल्या केसांनी, शिव्या देत, माझी दुसरी चप्पल कुठाय म्हणत... एवढ्यासाठीच तर हे सगळं नगर बांधलं, वेशी आणि राण्या आणि सैन्य, एका मुलीला कुठेतरी ठेवता यावं म्हणून. आणि आता तिथून तिला काढायचं, की कायमचं तिथेच ठेवायचं?

साळुबाईंचं घर वरच्या अंगाला होतं. दार वाऱ्याने आपटत होतं. आत शिरताना रिद्धी थबकली, कारण दाराखाली एक अर्धी वीट सारलेली होती आणि ती सारखी सरकत होती.

"दार लई वाजतंय," साळुबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "दगड व्हता, त्यो कुठं गेला कुनास ठावं. बस. च्या घेतीस ना?"

भिमाजी, हर्षालीचे वडील, ओसरीवर पळसाची पानं निवडत बसले होते. मोठी, सारखी, बिनकिडीची एका बाजूला. हर्षालीसारखं रिद्धीही त्यांना तात्याच म्हणायची. ती पानं कशाची ते तिला पाहताच कळलं. ज्याचं शरीर सापडत नाही त्याचा पानांचा पुतळा करतात, आणि त्याला अग्नी देतात, म्हणजे मग दिवस घालता येतात, नाव घेऊन पाणी सोडता येतं. चार वर्षं साळुबाईंनी ते होऊ दिलं नव्हतं.

"उद्या जुन्नरचं गुरुजी येनार हायेत," साळुबाई चहा गाळत म्हणाल्या. "हे म्हनत्यात, करून टाकू. भावकी म्हनती, करून टाका. म्या म्हनलं, रिद्धीची गोष्ट संपू द्या. तिला ठावं आसंल."

"मावशी, ती गोष्ट आहे. मला काय ठाऊक..."

"मंग येवढं सगळं कुठनं ठावं झालं तुला? येशी कश्या, राण्या कश्या, हिरा तितं काय बोलती?" त्या वर बघून म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत वेड नव्हतं, हे फार वाईट होतं. अगदी शहाणे, थकलेले डोळे होते ते. "तू सांग ती येती, मी उद्या पुतळा करू देनार न्हाई. तू सांग न्हाई येत, तर करतील ते. मी आडवी येनार न्हाई."

कपाचा कान रिद्धीच्या बोटांत गरम होत होता. ही काय जबाबदारी, हे काय माणसांचं वागणं, असं ओरडावंसं वाटलं तिला. मी करमणूक लिहिते, मला भागाचे पैसे मिळतात, मला कशाला विचारता? पण ओरडता येईना, कारण खरं सांगायचं तर रोज लिहायला बसताना तीही तेच विचारायची. कोणाला, ते माहीत नाही.

बाबांना तिने एकदा विचारलं होतं, दुकानात, गिऱ्हाईक नसताना. नथमल शेठ जैन प्रवचनं ऐकत वाढलेले. त्यांच्या कथांमध्ये कोणी परत येत नाही आणि कोणी संपतही नाही, राजा मरतो आणि वाघ होतो, वाघ मरतो आणि सावकाराची मुलगी होतो, आणि श्रोत्यांनी कंटाळायचं नाही. बाबा म्हणाले होते, 'जीव थांबत नाही बेटा, एक क्षणसुद्धा नाही. तुझी मैत्रीण आता कुठेतरी बालवाडीत जात असेल.' ते ऐकून ती शांत व्हायला हवी होती, पण तिला राग आला होता, भयंकर राग. कुठल्या बालवाडीत? आणि तिथे तिला कोण हर्षी म्हणतंय? तरी त्याच बाबांच्या कथांनी तिच्या नगरातल्या प्रत्येक राणीला मागचा जन्म दिला होता. म्हणजे बर्फ परका, आसरा हर्षालीच्या, जन्म बाबांचे... तिचं स्वतःचं त्यात काय होतं? ती आठवी. फक्त ती आठवी.

"रिद्धे," साळुबाई म्हणाल्या, आणि आवाज एकदम खाली आला, ओसरीवर ऐकू जाऊ नये असा. "दुसरं काय न्हाई. येवढं सांग. तितं तिला थंडी वाजत आसंल का गं? लई कुडकुडायची ती. थंडीत चुलीपासनं हलायची न्हाई."

सात वेशींची नावं रिद्धीला पाठ होती. कुठल्या राणीचा कुठला जन्म, मगरी काय खातात, नगरात उजेड कुठून येतो, सगळ्याचं उत्तर होतं. याचं नव्हतं. इतके महिने हिराला पाण्यात ठेवलं होतं आणि तिला थंडी वाजते का, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

ती कप ठेवून उठली. भिमाजी स्कूटीपर्यंत आले, हातातलं पान न टाकता.

"पोरी, तू लिवती ते खोटं आसतं, मला कळतंय. पर हिला सांगू नगं खोटं हाय म्हनून. फकस्त संपीव. मानसाला कुठंतरी जागा पायजे का न्हाई?"

मागे दार आपटलं, वीट परत सरकली, आणि रिद्धीला त्यांचा हात दिसला. अंगठ्याच्या नखात शेंदूर होता, घासूनही न गेलेला. तिने वर पाहिलं. त्यांनी हात धोतराच्या घडीत नेला.

"ऊन व्हायच्या आत जा," ते म्हणाले.

ती गेली नाही. स्कूटी वळणावर लावून ती परत काठावर उतरली, कारण तिला त्या दगडाची एक बाजू बघायची होती. ती सपाट बाजू... दाराच्या फळीने घासून घासून झालेली. त्या दगडावर पाय देऊन हर्षाली शाळेच्या बुटाची नाडी बांधायची, मुक्कामाला आलेली रिद्धी अंगणातून ओरडायची, चल ना, एसटी जाईल. तोच. तात्यांनी तो स्वतः आणून ठेवला होता, आणि साळुबाईंना ते ठाऊक होतं, घरातला दगड बाईला ओळखू येत नाही होय? लंकाबाईंनाही ठाऊक असणार. कोणीच फसलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून, एकमेकांना न विचारता, तिच्या लिहिलेल्या गोष्टीतली एक जागा उचलली होती आणि तिथे आपली मुलगी ठेवली होती. आणि उद्या पुतळा झाला तरी दगड इथेच राहणार होता. की राहणार नव्हता? ती वर आली असं मी आज लिहिलं, तर या दगडाचं काय करतील ते? आणि ती आली नाही असं लिहिलं, तर मी उद्या लिहायला बसून कोणाला हाक मारू?

ऊन डोक्यावर आलं होतं. काठावर कोणी नव्हतं. भर दुपारी कोणी येतच नाही. पाणी अजिबात हलत नव्हतं, पलीकडची एक मोटर तेवढी धडधडत होती आणि तीही मध्येच बंद पडली, लाइट गेली असावी. रिद्धी दगडासमोर उकिडवी बसली. तिने आजवर या दगडांना हात जोडले नव्हते, लहानपणी नाही, लिहितानाही नाही. आपला देव वेगळा. आताही तिने हात जोडले नाहीत. तिला फक्त एक गोष्ट विचारायची होती, आणि ती आता मालिकेसाठी नव्हती, साळुबाईंसाठीही नव्हती.

"हर्षे," ती म्हणाली. "थंडी वाजते का गं तिथे?"

पर्समध्ये फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. आरती असेल. उत्तर लिहिता येईल, तिला वाटलं, दोन ओळींत येईल, छान येईल. नगरात एक चूल पेटवता येईल. पण तिला ते लिहायचं नव्हतं. तिला ते ऐकायचं होतं, खरंच ऐकायचं होतं, कानांनी. तिने सगळे नियम स्वतः लिहिले होते. दुसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं.

आपण थांबणार नाही, पहिल्याच हाकेला ओ देऊ, हे तिला स्पष्ट कळलं. आणि तरी ती पाण्याकडे बघत तिथेच बसून राहिली.