चोवीसवाला आणि सव्वीसवाला

दोन कॅमेरे होते आणि दोन्ही सारखेच होते, हीच सगळी अडचण होती. एक बरा आणि एक वाईट असता तर नाताळच्या आधीच मोकळा झालो असतो. दोन्ही काळे, दोन्हींची लेन्स बटण दाबल्यावर कासवाच्या मानेसारखी बाहेर येणारी. एक दूरचं चोवीस पट जवळ आणायचा, दुसरा सव्वीस पट. चोवीसवाला थोडा हलका, सव्वीसवाल्याचा पडदा थोडा मोठा. किमतीत फरक एवढाच की त्यात दोघांचं फिश अँड चिप्स झालं असतं.

मी चाळीस वर्षं जमिनीची मोजणी केली. ज्याच्या मोजणीवर लोकांची कुंपणं उभी राहतात त्याला 'चालतंय, घेऊन टाक' म्हणता येत नाही. म्हणून मी वही केली. आमच्या गॅरेजच्या भिंतीपासून टेपने साठ मीटर मोजले, खुंटी ठोकली आणि भिंतीवरच्या एका विटेचे फोटो काढायचे ठरवले. त्यासाठी ग्लेनिसच्या दुकानातून एकदा हा कॅमेरा तासभर मागून आणला, एकदा तो. ग्लेनिस आमच्या गावात पासपोर्टचे फोटो काढते, चौकटी विकते आणि कॅमेरेही ठेवते. तिसऱ्या खेपेला तिने विचारलं की ती वीट नक्की कुठे पळून जाणार आहे.

वीट पळणार नव्हती. पण पक्षी जाणार होते.

माझी बायको लॉर्ना गेली एकोणीस वर्षं खाडीवरच्या गॉडविट पक्ष्यांच्या पायातल्या झेंड्या वाचते. हे लांब चोचीचे पक्षी आमच्याकडे, इथे दक्षिण गोलार्धात, डिसेंबर-जानेवारीचा उन्हाळा काढतात आणि मार्च सरता सरता पार अलास्काला निघून जातात. त्यातल्या काहींना हौशी मंडळी जाळ्यात धरून पायात नखाएवढी नारिंगी झेंडी घालतात, तिच्यावर तीन अक्षरं कोरलेली. मग कुणीतरी किनाऱ्यावर तासन्‌तास डोळ्यात तेल घालून बसायचं, दुर्बिणीतून ती अक्षरं वाचायची आणि कळवायची. त्यावरून कळतं कोण परत आलं आणि कोण वाटेत राहिलं. यातला नियम एकच आणि तो लॉर्नाने मला लग्नाच्या शपथेपेक्षा जास्त वेळा ऐकवला आहे: खात्री नसेल तर लिहायचं नाही.

पाच वर्षांपूर्वी एका पक्ष्याला झेंडी घालायचा मान तिला मिळाला होता. ए, के, टी. तिने तो दोन्ही हातांत धरला होता आणि त्याचं काळीज बोटांना लागतंय म्हणून रडली होती. तेव्हापासून दर उन्हाळ्यात एटीकेला, चुकलो, एकेटीला पाहिल्याशिवाय तिचा उन्हाळा झाला असं होत नसे. या वर्षी फेब्रुवारी संपला तरी तो दिसला नव्हता.

खरं तर दिसला नव्हता की वाचता आला नव्हता, हे आम्ही बोलत नव्हतो. लॉर्नाच्या उजव्या डोळ्याची मधली नजर दोन वर्षांपूर्वीच गेली. डावा टिकेल असं डॉक्टर म्हणाले होते आणि ती दर महिन्याला तपासून आली की 'आहे तसाच आहे' म्हणायची. पण डिसेंबर लागताच एक दिवस ती दुर्बिणीपासून उठली आणि म्हणाली, आज उजेड बरा नाही. लख्ख ऊन होतं. मी थर्मासमधला चहा ओतला आणि उजेडाला दोन शिव्या घातल्या.

तिथूनच मला कॅमेऱ्याची कल्पना सुचली. पक्षी काही दुर्बिणीसमोर थांबत नाही, फोटो थांबतो. तो घरी टीव्हीवर हवा तेवढा मोठा करावा, ती जवळ बसून सावकाश वाचेल. कल्पना चांगलीच होती. मग तिच्यासाठी कुठला, यात मी तीन महिने घालवले. तिच्या बोटांना बटणं सापडतील का, तिच्या डोळ्याला पडदा पुरेल का, पिसांवरची बारीक रेघ कशात जास्त उठते. विचारलं की ती म्हणायची, 'दोन्ही छान आहेत.' मला वाटायचं, हिला यातलं गांभीर्यच नाही.

शेवटी ग्लेनिसचा धीर सुटला. एका शुक्रवारी तिने दोन्ही कॅमेरे एका पिशवीत घातले आणि माझ्या हातात दिले.

"सोमवारी यातला एक परत आणायचा," ती म्हणाली. "दोन्ही परत आणलेस तर मी तुला दुकानात घेणार नाही. आणि विटेचे फोटो काढू नकोस. लॉर्नाला घेऊन खाडीवर जा."

शनिवारी साडेदहाची भरती होती. भरतीचं पाणी चढलं की चिखलात चरणारे पक्षी मागे सरत सरत वाळूच्या पट्ट्यावर गोळा होतात, तेव्हाच ते जवळ मिळतात. आम्ही घडीच्या खुर्च्या मांडल्या. लॉर्ना टोपी डोळ्यांवर ओढून मान किंचित तिरकी करून बसली, हल्ली ती तशीच बसते. मी चोवीसवाला तिच्यापुढे धरला.

"तूच काढ," ती म्हणाली. "माझ्या हाताला क्रीम लागलंय."

सव्वीसवाल्याच्या वेळीही क्रीमच लागलेलं होतं. मी मनात म्हटलं, बाई आळशी झाली. मग मीच काढत बसलो, दहा याने, दहा त्याने, वहीत नोंद करत. ती शेजारून सांगत होती. डावीकडे एक थवा उतरला, त्यात कुणीतरी लंगडल्यासारखं चालतंय, तिथे बघ. पाण्याच्या कडेला एकजण इतरांहून आधी मान वर करतो, त्याचे पाय बघ. मला ती सांगेपर्यंत सगळे पक्षी सारखेच दिसत होते. तिचं मात्र बोट त्या पक्ष्याकडेच, आणि तोंड भलतीकडे समुद्राकडे. तिचं हे ज्ञान मला नेहमीच जादूसारखं वाटत आलंय, त्यामुळे त्यात मला काही नवीन वाटलं नाही.

लंगड्याच्या पायात नारिंगी काहीतरी होतं. मी त्याचे पाच फोटो काढले आणि थवा उडाला.

घरी येऊन जेवलो. मग दुपारी पडदे ओढून मी दोन्ही कॅमेऱ्यांतले फोटो लॅपटॉपवर घेतले आणि लॅपटॉप टीव्हीला जोडला. लॉर्ना टीव्हीपासून हातभर अंतरावर स्टूल घेऊन बसली. मी आधी परीक्षेला एकाच पक्ष्याचे दोन फोटो घेतले, एक याचा, एक त्याचा.

"हा पहिला. आणि हा दुसरा. कुठला?"

"दुसरा," ती लगेच म्हणाली. "पिसं कशी सुटी सुटी दिसतायत त्यात. अगदी स्पष्ट आहे, मर्व्ह. दुसराच घे."

मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. तीन महिन्यांचा काथ्याकूट एका वाक्यात संपला होता. दुसरा म्हणजे कुठला ते लिहायला मी वही उघडली, फोटोचा नंबर बघितला, आणि पाहतो तर दोन्ही वेळा मी एकच फोटो उघडला होता. नंबर तोच, पक्षी तोच, कॅमेरा तोच.

चाळीस वर्षांत मी अशी चूक केली नव्हती. थोडा वेळ मी नंबराकडेच बघत राहिलो, कारण तिच्याकडे बघायची माझी तयारी नव्हती.

"लॉर्ना," मी म्हटलं, "मी तुला दोन्ही वेळा एकच फोटो दाखवला."

"मग तर निवडायला सोपंच आहे," ती म्हणाली.

मी हसलो नाही. ती पण नाही. तिने स्टूल माझ्याकडे वळवलं.

"मला त्या टीव्हीवर मधोमध एक करडा डाग दिसतो," ती म्हणाली. "त्याच्या भोवती वाळू आणि पाणी. पक्षी डागात आहे. मान वळवली की त्याची हालचाल कळते, चाल कळते. अक्षर कळत नाही. किती मोठं केलंस तरी नाही."

"कधीपासून?"

"एवढं? ऑक्टोबरपासून."

ऑक्टोबरपासून. म्हणजे तिने शब्दकोडी सोडली ती कंटाळा आला म्हणून नव्हे, आणि केकची कृती मला वाचायला लावायची ती चष्मा वरच्या खोलीत राहिला म्हणून नव्हे. एका घरात, एका टेबलाशी बसून मी विटेचे कंगोरे मोजत होतो. मला राग आला. आधी तिचा आला, मग स्वतःचा, आणि दोन्हींच्या खाली नुसती भीती होती.

"मग तीन महिने मी कॅमेरा निवडतोय तो कुणासाठी?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"तुझ्यासाठी. मला वाटलं, निवडता निवडता तुझं तुला कळेल. तुला काही लवकर कळत नाही, हे मी विसरले." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला सांगायचं होतं रे. पण तू रोज ती वही घेऊन इतका खुशीत बसायचास. सांगितलं की ते संपणार होतं. आणि सांगितलं की खरं होणार होतं."

मी तिचा हात धरून बसलो. रडलो म्हणा ना. बासष्ट सालापासून ओळखतोय तिला, मला रडताना तिने तीनदा पाहिलंय, आणि आता चौथ्यांदा पाहिलं नाही, नुसतं ऐकलं.

थोड्या वेळाने तिने विचारलं की हातात हलका कुठला लागतो. चोवीसवाला, मी म्हटलं. मग तोच ठेव, म्हणाली, वाहायचा तुला आहे. एवढ्यावर निवड झाली. वहीची पानं मोजली तर एकोणपन्नास भरली होती.

"आता त्या लंगड्याचे फोटो लाव," ती म्हणाली. "आणि तुला काय वाटतं ते सांगायचं नाही. काय दिसतं ते सांगायचं."

मी पहिला फोटो मोठा केला. पाय आला, झेंडी आली. नारिंगी, ओली, कडेला ऊन लागलेली.

"पहिलं अक्षर?"

"ए."

"कशावरून?"

"दोन तिरक्या रेघा, वर जुळलेल्या. मध्ये आडवी रेघ. ती पण दिसतेय."

"दुसरं?"

"के. उभी रेघ आणि तिला उजवीकडून दोन फाटे."

लॉर्नाचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. तिचे हात मांडीवर तसेच जवळ आले होते, एखादा पक्षी धरल्यासारखे. "तिसरं?" तिने अगदी हळू विचारलं.

तिसऱ्या अक्षरावर चिखल होता. मी दुसरा फोटो उघडला, तिसरा, चौथा, पाचवा. पाचहीत तोच चिखल, खाडीचा काळा चिकट चिखल, झेंडीच्या खालच्या टोकाला थापलेला.

आता खरं सांगतो. 'टी' माझ्या जिभेवर आलं होतं. कोण विचारणार होतं? पायाचं लंगडणं नवीन असेल, पण किनारा तोच, ए के नंतर टी असण्याचीच शक्यता जास्त. तीन आठवड्यांत पक्षी जाणार. पुढच्या वर्षी तो येईल न येईल, आणि ती तिरक्या मानेने तरी किती बघू शकेल, कोण जाणे. एक अक्षर. बायकोवर प्रेम असलेल्या माणसाने ते खुशाल उच्चारावं. मोजणीत जुनी खुंटी सापडली नाही तर सापडली नाही असंच लिहितात, ती असावी तिथे नकाशावर दाखवत नाहीत. पण खुंटीच्या शेजारी अशी कुणी श्वास रोखून बसलेली नसते.

"मर्व्ह?"

"चिखल आहे," मी म्हटलं. "तिसरं वाचता येत नाही."

"पाचही फोटोंत?"

"पाचही. मी पुन्हा बघितले."

तिचे हात सैल पडले. मला वाटलं, गाढवा, एवढं एक अक्षर तुला देता आलं नाही. मग तिने डोळे पुसले.

"तू टी म्हणाला असतास ना," ती म्हणाली, "तर मला आवाजावरून कळलं असतं, तरी मी हसून मान डोलावली असती. आणि पुन्हा तुला काही वाचायला सांगितलं नसतं. कधीच."

तिने मला नोंदीचा कागद आणायला सांगितला. एकोणीस वर्षांचे तसे कागद कपाटात आहेत, सगळे तिच्या टपोऱ्या अक्षरात. तिने सांगितलं, मी लिहिलं. तारीख, जागा, भरतीची वेळ. ए, के, तिसरं अक्षर वाचता आलं नाही, उजवा पाय लंगडतो. शेवटच्या ओळीपाशी मी तिचं नाव लिहायला लागलो तर तिने कागदावर हात ठेवला.

"पाहणाऱ्याचं नाव लिहायचं तिथे. तू पाहिलंस."

"आणि तू?"

"मी शेजारी बसले होते. शेजारी बसणाऱ्याचं नाव लिहीत नाहीत. तुझं लिहिलं होतं का मी एकदा तरी?"

मी माझं नाव लिहिलं. सगळं पहिल्यापासून वाचून दाखव म्हणाली, तेव्हा मी तारखेपासून नावापर्यंत सगळं वाचून दाखवलं.