उंच गाडी, बुटकी गाडी

दिवसभर शाळेची भलीमोठी बस चालवणारी बाई संध्याकाळी घरी कशी जात असेल? तुम्ही म्हणाल, स्टिअरिंगचा वीट आला असेल, पायीच जात असेल. तर तसं नाही. ही बाई जायची दोन दारांच्या, जमिनीला टेकलेल्या, निळ्या स्पोर्ट्स गाडीतून. असल्या गाडीला कूपे म्हणतात. गाडी सेकंडहँड होती आणि तिची मागची सीट निव्वळ नावापुरती. तिथे माणूस बसवायचा तर आधी त्याची घडी घालावी लागायची. पण पुढे बसून इंजिन सुरू केलं की पोटात गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोला.

पोरं तिला बसबाई म्हणायची, आपणही तेच म्हणू. बसबाई मुळात अबोल. बसमध्ये चकार शब्द काढायची नाही. मागे पोरांचा कालवा चालला की आरशात नुसती एक नजर टाकायची आणि कालवा खाली बसायचा. घरी आली तरी तेच. कान इतके किटलेले असायचे की कुणी चहा घेणार का विचारलं तरी ती मानेनेच हो म्हणायची. पण बस लावून निळ्या गाडीत बसली रे बसली, की बाईला कंठ फुटायचा. वाटेत ती नवऱ्याला घ्यायची. नवरा चष्म्याच्या काचा घासणारा, दिवसभर एका मशीनसमोर तोंड मिटून बसलेला, त्यालाही ऐकायची भूक असायची. कुणाचा डबा कुणी फस्त केला, कुणाचा दात हलत होता तो नेमका वळणावर पडला आणि सगळी बस सीटखाली दात शोधायला लागली, असलं सगळं ती हातवारे करून सांगायची. एक हात स्टिअरिंगवर असायचा, घाबरू नका. त्या दोघांची भांडणं त्याच गाडीत व्हायची आणि घर यायच्या आत मिटायचीही. ही गाडी गेली तर आपलं बोलणंही जाईल, अशी धास्ती बसबाईला होती. पण असं कारण चारचौघांत सांगायचं कसं? लोक वेड्यात काढतील.

आणि गाडी जायची वेळ आलीच होती. नवऱ्याची आई वर्षभरापूर्वी त्यांच्याकडे राहायला आली होती. सासूबाई स्वभावाने बोलक्या, पण सुनेपुढे जपून वागायच्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते छान झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आठवड्यातून दोनदा पोहण्याच्या तलावात उतरून व्यायाम करायचा. आता तलावापर्यंत न्यायचं कशातून? निळ्या गाडीत त्यांना एकदाच बसवून पाहिलं होतं. बसल्या त्या झोकात. उठायची वेळ आली तेव्हा धरायला काही नाही, वर पाहावं तर छप्पर डोक्याला लागतंय. मुलगा समोरून ओढतोय, शेजारीण बाजूने ढकलतेय, आणि गाडी दारातून हललीसुद्धा नव्हती. शेवटी सुटल्या, पण त्यानंतर त्या गाडीकडे पाहायच्यासुद्धा नाहीत.

"उंच गाडी घेऊ," नवरा म्हणाला. "चार दारांची. आईला सरळ आत पाऊल टाकता आलं पाहिजे."

शहाणपणाचं तेच होतं, आणि शहाणपणाइतकी कंटाळवाणी गोष्ट जगात दुसरी नाही. बसबाईने मान हलवली. सासूबाई म्हणाल्या, "माझ्यासाठी कशाला? मी टॅक्सीने जाईन की." त्यावरही तिने मान हलवली, या वेळी नकारार्थी. सासूबाईंनी तिचा चेहरा निरखून पाहिला आणि विषय सोडला.

बसबाईने एक दिवस रजा टाकली आणि तिघं सकाळीच निघाली. नवऱ्याला आदल्या दिवसापासून धीर नव्हता. मागची जागा किती, पायरी किती उंच, मधे कप ठेवायला खळगा आहे की नाही, सगळं त्याला पाठ. सासूबाईंनी ठेवणीतले बूट घातले होते. त्या टॅक्सीने आल्या, ही दोघं निळ्या गाडीतून, आणि त्या वाटेतसुद्धा बसबाईचं तोंड अखंड चालू होतं. जुन्या गाड्या विकणारा माणूस दारातच उभा होता. बोलणं असं मधाळ की नवरा त्याला मनातल्या मनात गोडबोल्या म्हणायला लागला. गोडबोल्याने निळी गाडी बदल्यात घ्यायची तयारी दाखवली आणि एका उंच, करड्या गाडीची किल्ली बसबाईच्या हातावर ठेवली. "खुशाल एक फेरी मारून या, ताई. घर आहे घर."

सासूबाई मागे बसल्या, अगदी राणीसारख्या, कुणाचा हात न धरता. नवरा पुढे. त्याचा जीव भांड्यात पडला. "बघितलंस? काय ऐटीत बसली आई."

बसबाईने आरसा नीट केला.

गाडी निघाली. बसबाईची पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावरून आरशात आणि आरशातून रस्त्यावर. वळण आलं की असं रुंद वळवायची, जणू मागे अजून आठ रांगा आहेत. नवऱ्याने दोनदा काहीतरी विचारलं. उत्तर नाही. सासूबाईंनी मागून म्हटलं, "छान चालवतेस गं." त्यालाही उत्तर नाही. सासूबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

बेकरीचा कोपरा आला तशी बसबाईने सिग्नल दिला, वेग कमी केला आणि खांबाला खेटून गाडी अलगद थांबवली.

"इथे काय?" नवऱ्याने विचारलं.

तोवर मागचं दार उघडून दोन मुली आत आल्या होत्या. दप्तरं सासूबाईंच्या मांडीवर, डबे पायाशी. फुटपाथवर त्यांची आई तोंडाला पदर लावावा तसा हात लावून हसत होती.

"बसबाई," धाकटी म्हणाली, "आपली बस आटली का?"

"पट्टे लावा," बसबाई म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात, आणि गाडी हलवणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. ती कानापर्यंत लाल झाली. आज तिची रजा, बस दुसरा ड्रायव्हर आणणार होता, आणि हिच्या हातापायांना त्याचा पत्ताच नव्हता. उंच सीट, मोठी काच, मागे माणसं. हातापायांनी आपलं नेहमीचं काम केलं होतं. मुलींना उतरवेपर्यंत सासूबाई हसून हसून बेजार. थोरलीने तर जाता जाता त्यांनाच बजावलं, "आजी, हिच्या गाडीत दंगा करायचा नाही हं."

नवरा मात्र हसायचा थांबला होता. तो बायकोकडे पाहत होता. तिचे खांदे वर चढलेले, ओठ घट्ट मिटलेले. या बाईबरोबर रोज घरी जायचं? तो माणूस दिवसभर काचा पारखायचा, पण हे त्याला आत्ता दिसलं.

"ही गाडी नको," तो म्हणाला.

"आईंना जमते ना," बसबाई म्हणाली. "घेऊन टाकू." आणि तिचे डोळे भरून आले. गाडीसाठी कुणी रडतं का, म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

परतल्यावर नवरा आणि बसबाई निळ्या गाडीजवळ उभी राहून कुजबुजत होती. ही म्हणते घेऊ, तो म्हणतो नको. इकडे आड, तिकडे विहीर. गोडबोल्या अदबीने लांब उभा होता. आणि सासूबाई? सासूबाई जागेवर नव्हत्या.

त्या कोपऱ्यातल्या एका गाडीत बसल्या होत्या. गाडी हिरवी, दोन दारांची, छप्पर मागे दुमडून ठेवलेलं, वर मोकळं आभाळ. सीट निळ्या गाडीहून चार बोटं उंच असेल, फार नाही.

"आई, अगं तिथे कशी बसलीस?" मुलगा धावला. "आता उठणार कशी?"

"अशी," म्हणत सासूबाईंनी पाय बाहेर ठेवले, पुढच्या काचेची चौकट एका हाताने आणि दाराची कड दुसऱ्याने धरली आणि सरळ उभ्या राहिल्या. डोक्याला लागायला छप्परच नव्हतं. मग परत बसल्या, परत उठल्या. "व्यायामात हेच करायला सांगतात. तिथे खुर्ची असते, एवढाच फरक."

गोडबोल्याला पहिल्यांदाच गोड बोलायची गरज पडली नाही. बसबाईने किल्लीसाठी हात पुढे केला.

सासूबाई पुढे बसल्या आणि नवऱ्याची घडी घालून मागे ठेवण्यात आली. गुडघे हनुवटीला, पण तक्रार नाही. गाडी रस्त्याला लागली, वारा कानात शिरला, सासूबाईंचे केस उडाले, आणि बसबाई हसली. मग सुरू झाली. आधी त्या थोरल्या मुलीविषयी. ती वर्गात बाईंनासुद्धा रांगेत उभं करते. मग पडलेल्या दाताची गोष्ट, हातवाऱ्यांसकट. मग स्वयंपाकघरातला नळ कसा तिच्याच अंगावर उडतो, मग शेजारीण तेव्हा ढकलताना हळूच कशी हसत होती. वाऱ्यामुळे ओरडून बोलावं लागत होतं, तरी ती थांबेना. घाटासारख्या चढावर गाडी घुमली तशी तीही घुमली. बेकरीचा कोपरा आला आणि गेला, सिग्नलकडे तिचा हातही गेला नाही.

सासूबाई तिच्याकडे टक लावून पाहत होत्या.

"काय झालं, आई? हळू घेऊ?"

"नाही गं." त्यांनी उडणारे केस दोन्ही हातांनी धरले. "तू एवढी बोलतेस?"

"मी सांगत होतो ना तुला," मागून आवाज आला. "रोज सांगत होतो."

"मला वाटायचं, तू तिची बाजू सावरून घेतोस." सासूबाई सुनेकडे वळल्या. "वर्ष झालं मला येऊन. मी समजत होते, मी आलेलं तुला आवडलेलं नाही. मी भावाकडे जायचं ठरवलं होतं. व्यायाम संपला की सांगणार होते."

बसबाईने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. वारा थांबला. ती बोलायला गेली आणि शब्द फुटेना. इतका वेळ धबधबा कोसळत होता, आता थेंब नाही. तिने सासूबाईंचा हात घेतला आणि दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

"बरं, बरं," सासूबाई म्हणाल्या. "आता कळलं मला. तू गाडी चालू कर."