वरची गाठ

माझ्या नणंदेचा टाका फार सुंदर आहे. त्या सुंदर टाक्याला आग लागो.

हे मी रागात म्हणतेय आणि राग गेल्यावरही म्हणेन. मला स्वतःला साधं बटण नीट लावता येत नाही. तेव्हा कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं कोणी म्हणालं तर खुशाल म्हणू दे.

सासूबाई आयुष्यभर बारीक दोऱ्याने गोधड्या शिवत आल्या. नजर जायला लागली तसा त्यांनी दोरा बदलला. आता त्या भरतकामाचा जाड, पिळाचा सुती दोरा मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवतात आणि लांब-लांब धावदोरा घालतात. बारीक टाका बोटाला लागत नाही, हा लागतो. त्यांचं सगळं शिवणं आता बोटांवरच चालतं. थांबायचं झालं की त्या गाठ कापडाच्या वरच ठेवतात. खरं तर गाठ आतल्या थरात ओढून लपवायची असते, एवढं मलाही ठाऊक आहे. म्हणून मी एकदा म्हटलं, "आई, गाठ वर राहिलीय."

"राहू दे. खूण आहे माझी. सकाळी बोट फिरवलं की कळतं, काल कुठवर आले होते ते. तुझ्यासारखी रोज चष्मा शोधत नाही बसत मी."

आमचं हे असं आहे. दोघींत विस्तव जात नाही, असं गावातच दिलेल्या नणंदेने गावभर सांगून ठेवलंय. चांगला जातो. आम्ही भांडतो, कारण घरात भांडायला दुसरं कोणी सापडत नाही.

ही गोधडी नणंदेच्या लेकीच्या बाळासाठी होती. निळं कापड, त्यावर पिवळा दोरा. एखादा टाका लांब पडायचा, एखादा आखूड, रेघ मध्येच उताराला लागायची, आणि जाड दोरा काही म्हणजे काही लपवत नाही. सासूबाईंना त्याचं काही वाटत नव्हतं. चूल, बाजार, हिशेब, सगळं एकेक करून आम्ही त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं. हे एवढंच त्यांचं उरलं होतं.

मग काहीतरी बिनसलं. सकाळी त्या खिडकीशी बसायच्या, गोधडीवर बोटं फिरवायच्या आणि फिरवतच राहायच्या. "अगं, इथवरच शिवलं होतं ना मी?" मी डबा भरत असायचे, "असेल," म्हणायचे. एकदा त्यांनी शिवलेल्या रेघेवरच पुन्हा शिवलं. एकदा मधली अख्खी पट्टी कोरी सोडली. आणि एका सकाळी त्यांनी मला हळूच विचारलं, "मला विसरायला होतंय का गं?"

या बाईने मला आजवर हळू आवाजात काही विचारलं नव्हतं. त्याच रात्री मी नवऱ्याला सांगितलं.

नवऱ्याने डॉक्टरांची वेळ घेतली. नणंद डोळ्यांना रुमाल लावून म्हणाली, "वयच झालं तिचं आता." दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी गोधडी घडी करून पलंगाखाली सारली आणि सुईदोऱ्याचा डबा माझ्या हातात ठेवला. "घे. तुझ्या बटणांना होईल."

बटणांना! मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

त्याच आठवड्यात, मी काम करते त्या दवाखान्यातली वीज गेली आणि मी दुपारीच घरी आले. मागच्या खोलीत नणंद खाली बसली होती. मांडीवर ती निळी गोधडी, हातात छोटी कात्री, आणि फरशीवर पिवळ्या दोऱ्याचे तुकडे.

"हे काय करताय, ताई?"

"हळू बोल, आई झोपलीय. अगं, नीट करतेय. बघ ना कसं वेडंवाकडं झालंय. पोरीच्या सासरी जाणार हे, लोक काय म्हणतील?"

"कधीपासून चाललंय?"

"दुपारी येते तेव्हा, ती झोपली की एक-दोन रेघा उसवते आणि बारीक दोऱ्याने पुन्हा घालते. तिला कुठे दिसतंय? तिला वाटेल, आपलंच चांगलं झालंय."

"आणि गाठी?"

"आत घेतल्या. वर कोणी ठेवतं का गाठ? तिनेच शिकवलंय मला. वर दिसली की हातावर फटका द्यायची."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्या गाठीवरून त्यांना जागा कळते, ताई! तुम्ही ती रोज गायब करताय आणि वर त्यांचं वय झालं म्हणून रडताय? डॉक्टरकडे निघालोय आम्ही त्यांना घेऊन!"

"मला काय स्वप्न पडलं होतं?"

"विचारायचं होतं! जन्मदाती आहे तुमची. एरवी तोंड बरं चालतं!"

माझा आवाज केव्हाच चढला होता. मागे वळून पाहिलं तर सासूबाई दारात, भिंतीला हात लावून उभ्या. सगळं ऐकलेलं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्या रडतील असं मला वाटलं, पण त्या सरळ येऊन लेकीसमोर बसल्या.

"डोळे मीट," त्या म्हणाल्या.

"आई, मी तुझ्यासाठीच—"

"मीट म्हटलं ना."

नणंदेने डोळे मिटले. सासूबाईंनी गोधडी गोल फिरवली आणि लेकीचा हात धरून त्यावर ठेवला. "आता सांग, तू उसवायला बसली होतीस ती जागा कुठली?"

नणंदेची बोटं तिच्याच एकसारख्या टाक्यांवरून फिरू लागली. इकडून तिकडे गेली, परत आली. कुठे अडकायला काही नव्हतंच.

"सापडली?"

"नाही गं, आई."

"मलाही सापडत नव्हती. मला वाटलं, माझंच डोकं गेलं. रोज रात्री मी तुमची सगळ्यांची नावं पाठ म्हणून झोपत होते."

नणंद डोळे उघडेना. मला तिला अजून बरंच सुनावायचं होतं, पण मी खाली बसून फरशीवरचे दोऱ्याचे तुकडे वेचायला लागले.

"उसव आता," सासूबाई म्हणाल्या. "तू घातलेलं सगळं."

"आणि पोरीच्या सासरी काय सांगू?"

"सांग, पणजीने शिवलंय आणि पणजीला दिसत नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आण गं तो डबा. तुझी बटणं गेली खड्ड्यात."

मी डबा आणला. सुईत पिवळा दोरा ओवून दिला.